सातव्या खोलीतला डावरा

सहा खोल्या पुऱ्या. सातवीचं छत झालंय,
जमीन व्हायची राहिली.
वाकून जावं लागतं आत, आणि बसायचं तर
गुडघे हनुवटीला लावून.
कोंडावरचं कुणीही सांगेल :
पांडव एका रात्रीत कोरत होते,
कोंबडा आरवला, टाकून गेले.
मीही हेच सांगायचो, दापोलीहून सहल आली की.
मास्तर मान डोलवायचे. मुलं कोंबडा व्हायची.

मी इथला पहारेकरी. एकोणीस पावसाळे.
एक खुर्ची, एक शिट्टी, एक रजिस्टर.
खाली दाभोळची खाडी, तिच्यावर लक्ष ठेव
असं कुणी सांगितलेलं नाही,
ते मी फुकट करतो.

भिक्खू पावसाळाभर इथं थांबत.
नंतर बाबल्या गवळ्याच्या म्हशी थांबल्या.
आषाढात अजूनही भिंतीला नाक लावलं
तर शेणाचा वास येतो, थोडा धुपासारखा.
तिसऱ्या खोलीत पेंढा असायचा, त्याआधी
माझ्या आज्याचा भाऊ होता,
अंगावर देवी उठल्या म्हणून गावानं वर आणून ठेवलेला.
भाकरी काठीच्या टोकाला बांधून देत.
तो वाचला. खाली मात्र उतरला नाही.
आणि पुढे कधीतरी, म्हणे, घड्याळांच्या पेट्या होत्या,
रात्रीच्या होडीतून आलेल्या.
भिक्खूंच्या निजायच्या ओट्यावर
शे-दोनशे घड्याळं, सगळी
भलत्याच देशाची वेळ दाखवणारी.

कोळशानं लिहिलेली नावं मी पुसतो. पगार त्याचाच.
एक सोडून.
ती पुढे जयगडला नांदायला गेली.

उजव्या हाताला पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं.
वर अडीच ओळी अक्षरं.
पुण्याच्या बाईंनी ओल्या कागदावर ठोकून ती उतरवली,
वाचून दाखवली :
माळ्याच्या बायकोनं दिलेली पोढी.
बस. नावाच्या जागी दगड फुटलाय.

माझी आई हेच पाणी प्यायची.
गावच्या विहिरीला तेव्हा आमचा पोहरा चालत नसे,
चैत्र-वैशाखात आमच्या वाडीच्या बायका
हंडे घेऊन डोंगर चढत.
कुणाचं गं हे पाणी, मी विचारायचो.
"देणारीचं," म्हणायची, आणि प्यायच्या आधी
एक ओंजळ परत पाण्यात सोडायची.
तिला वाचता येत नव्हतं.

मागल्या माघात दुर्गव्वा पाथरूट आली,
पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरणारी.
मिक्सरचे दिवस, अख्ख्या कोंडावर दोनच पाटे मिळाले.
पाणी प्याली, झोळी टेकवली,
सातव्या खोलीत शिरली
आणि भिंतीवरून तळवा फिरवला,
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा.

"डावरा होता," म्हणाली.
कोण?
"ह्यो. घाव सगळे उलटे पडलेत बघ.
आन् ह्या कोपऱ्यात दुसरा हात. पोरगं, शिकाऊ.
टाकी निसटली त्याची, हितं, आन् हितं.
हितं मार खाल्ला असंल.
म्होरले घाव बघ कसे सरळ आलेत."

मी तिला कोंबड्याचं सांगितलं.
ती हसली. बोटाच्या पेरानं कातळ वाजवला.
वर ठण्ण. खाली भद्द.
"दगड फसवा निघाला. आत पाणी हाय.
शाना होता, थांबला."

ऊन उतरेपर्यंत ती तिथंच निजली,
कुशीवर, पाय पोटाशी घेऊन.
खोली तिला बरोबर बसली.

निघताना मी रजिस्टर पुढे केलं,
तिनं अंगठा उठवला.
नाव-गाव मी लिहिलं. शेवटचा रकाना येण्याच्या कारणाचा,
तिथं सगळेच पर्यटन लिहितात,
एका पानावर तर नुसत्या खुणा, वरच्यासारखंच.
काय लिहू, म्हटलं.
ती हातोडा झोळीत कोंबत होती.
"काम बघाया आलते, लिव्ह."